‘चित्रकाराला आधी कळतं’ : एका प्रदर्शनाच्या मुख्य फलकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात दर ऑगस्टमध्ये काही ना काही मांडलेलं असतं. कधी जुनी नाणी, कधी किल्ल्यांचे फोटो, एका वर्षी तर नुसत्या जुन्या लग्नपत्रिका. त्या वर्षी वाचनालयाच्या कलास्वाद मंडळाने ‘आधुनिक चित्रकला आणि राजकारण’ असा विषय घेतला. मूळ चित्रं मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मोठ्या प्रिंट काढायच्या, सनबोर्डवर चिकटवायच्या, खाली मजकूर द्यायचा आणि दारातून आत आल्या आल्या एक मुख्य फलक लावायचा, एवढाच बेत.

कामात मोजकी माणसं होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकला शिक्षक; त्यांना सगळं गाव ‘सर’च म्हणतं. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम. कलामहाविद्यालयात शिकणारी दोन मुलं. आणि खर्चाच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवणारे वाचनालयाचे कार्यवाह. मला मजकुराची भाषा तपासायला बोलावलं होतं. संबंधितांना विचारूनच हे लिहितो आहे, पण नावं आणि गाव मुद्दाम दिलेलं नाही.

चित्रांची निवड भांडण न होता झाली. युरोपातले चित्रकार : जर्मनीचा फ्रान्झ मार्क, कँडिन्स्की, मालेविच, पिकासो; आणि मग मुंबईच्या ‘प्रोग्रेसिव्ह ग्रुप’ या गटाचे चित्रकार : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. त्यांच्या मागोमाग तय्यब मेहता.

अडचण

मुख्य फलकाचा मजकूर सरांनी लिहून आणला होता. शीर्षक : ‘चित्रकाराला आधी कळतं’. पहिलं वाक्य : ‘पुढाऱ्यांना जे उद्या दिसणार असतं, ते चित्रकाराने आजच रंगवून ठेवलेलं असतं.’ सरांचं अक्षर वळणदार, वाक्यही तसंच. सगळ्यांना आवडलं. मॅडमना नाही.

“सर, वाक्य छान आहे. पण दाखवणार कसं?”

“मार्कचं चित्र बघा ना, मॅडम. १९१३ सालचं आहे. पहिलं महायुद्ध १४ साली लागलं.”

प्रकरण इथून सुरू झालं. सरांचा दाखला कच्चा नव्हता, म्हणून त्या चित्राबद्दल थोडं सविस्तर.

‘प्राण्यांचं प्राक्तन’ हे चित्र जवळपास दोन मीटर उंच आणि अडीच मीटरहून जास्त रुंद आहे. जंगल कोसळतं आहे. तिरक्या रेषा भाल्यांसारख्या कॅनव्हासभर घुसलेल्या. मधोमध एक निळं हरीण मान पूर्ण मागे टाकून उभं, त्याच्यावर झाड पडतं आहे. डावीकडे वर हिरवे घोडे, खाली रानडुकरं. कॅनव्हासच्या पाठीमागे मार्कने एक ओळ लिहून ठेवली आहे; तिचा अर्थ असा की सारं अस्तित्व म्हणजे धगधगतं दुःख. दोन वर्षांनी, मार्च १९१५ मध्ये, आघाडीवर असलेल्या मार्कला याच चित्राचं पोस्टकार्ड कुणीतरी पाठवलं. ते बघून तो हादरला. पत्नीला त्याने लिहिलं की हे चित्र या युद्धाची आधीच लागलेली चाहूल वाटते आणि ते आपण रंगवलं यावर विश्वास बसत नाही. वर्षभरात, ४ मार्च १९१६ रोजी, व्हर्दंच्या लढाईत तो मारला गेला.

यापेक्षा सज्जड पुरावा कुठून आणणार, असं सरांचं म्हणणं. मॅडमनी वाद घातला नाही. पुढच्या बैठकीला त्या मार्कच्या काळाची एक टाचणवही घेऊन आल्या, आणि चाहूल हा शब्द त्या वहीसमोर डळमळायला लागला.

१९११ मध्ये मोरोक्कोच्या अगादीर बंदरावरून जर्मनी आणि फ्रान्स हातघाईवर आले होते. १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धं झाली. आणि मार्कचंच १९१३ चं दुसरं एक चित्र आहे, लांडग्यांचं; त्याच्या नावातच ‘बाल्कन युद्ध’ आहे. म्हणजे हा माणूस रानात हरणं बघत बसलेला नव्हता, वर्तमानपत्र वाचत होता. त्याचा मित्र कँडिन्स्की तर आणखी सरळ बोलून गेला. त्याच्या १९१३ च्या एका चित्रात उजवीकडे खाली तोफा दिसतात. एका अमेरिकन संग्राहकाने १९१४ मध्ये त्याबद्दल विचारलं, तेव्हा त्याने कळवलं की वर्षभर सतत युद्धाच्या गप्पा चालल्या होत्या, तोफा बहुधा त्यातून आल्या असाव्यात. युद्ध रंगवायचा आपला हेतू नव्हता.

शिवाय त्या भाल्यांसारख्या रेषा. १९१२ च्या शरदात मार्क पॅरिसला जाऊन दलोने या चित्रकाराला भेटून आला होता, त्याच सुमारास वेग आणि यंत्रयुग रंगवणाऱ्या इटलीच्या फ्युचरिस्टांची चित्रंही त्याने बघितली होती. चित्र तुकड्यातुकड्यांत फुटायला लागलं ते निदान अर्धं तरी दुसऱ्या चित्रांमुळे.

सगळ्यात अवघड बाब मॅडमनी शेवटी सांगितली. युद्ध लागल्यावर मार्क स्वतःहून भरती झाला. युरोप यातून शुद्ध होऊन निघेल असं त्याला सुरुवातीला मनापासून वाटत होतं, तसं त्याने लिहिलंही आहे. त्याला आधी कळलं होतं असं म्हणायचं, तर नेमकं काय कळलं होतं?

सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जो प्रतिप्रश्न केला, तो मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ते म्हणाले, “युद्धाच्या गप्पा सगळ्या युरोपभर चालू होत्या ना? मग बाकीचे निवांत फुलदाण्या का रंगवत बसले होते? याच मार्कने दोन वर्षांपूर्वी निळा घोडा रंगवला, पिवळी गाय रंगवली. किती शांत जनावरं आहेत ती! दोन वर्षांत त्याच्याच हाताखाली जंगल कोसळलं. वर्तमानपत्र सगळेच वाचत होते, मॅडम. याच्या हाताला ते लागलं.”

मॅडमनी हे मान्य केलं. त्यामुळे प्रश्न मिटला नाही, उलट फलक जास्त अवघड झाला.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय सरांचा मजकूर तसाच ठेवण्याचा. कार्यवाह याच बाजूचे होते. लोक दोन मिनिटं थांबतात, त्यांना एक ठसठशीत वाक्य लागतं, असं त्यांचं मत. ते व्यवहाराला धरूनच होतं.

दुसरा पर्याय एका विद्यार्थ्याने सुचवला : ‘चित्र म्हणजे काळाचा आरसा’. आधी घटना, मागून चित्र. यासाठी पिकासोचं ‘गेर्निका’ हाताशी होतंच. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका या बास्क गावावर बॉम्ब पडले, १ मेपासून पिकासोची रेखाटनं सुरू झाली, जूनच्या सुरुवातीला साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद चित्र तयार. पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या स्पेनच्या दालनासाठी चित्र द्यायचं काम त्याच्याकडे जानेवारीतच आलं होतं, आणि बॉम्ब पडेपर्यंत तो चित्रकाराचा स्टुडिओ असल्या विषयाशी खेळत होता. प्रतिसादाचं याहून शुद्ध उदाहरण मिळणार नाही. तरी त्या मुलाच्याच वर्गमैत्रिणीने त्याला अडवलं. तिने पिकासोचं १९३५ चं एक एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) मोबाइलवर काढून दाखवलं. त्यात बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर आहे, जखमी घोडा आहे, हातात मेणबत्ती धरलेली मुलगी आहे. गावावर बॉम्ब पडण्याच्या दोन वर्षं आधी सगळी पात्रं तयार होती, फक्त त्यांना गाव मिळालं नव्हतं. आरसा म्हणावं तर त्यातली प्रतिमा आधीपासून आत होती.

तिसरा पर्याय राजकारण बाजूला ठेवून चित्रशैलींनुसार मांडणी करण्याचा : अभिव्यक्तिवाद, घनवाद, अमूर्त. सुरक्षित आणि मेलेला. त्यावर फार वेळ गेला नाही.

चौथा मॅडमचा. मुख्य फलकावर दावा करायचाच नाही. प्रत्येक चित्राखाली चार तारखा द्यायच्या. चित्र कधी रंगवलं. लोकांसमोर पहिल्यांदा कधी आलं. ज्या घटनेशी ते जोडलं जातं ती कधी घडली. आणि ही जोडणी कुणी, कधी केली. सर म्हणाले, “हे म्हणजे सातबारा लावल्यासारखं होईल.” पण ते हसत म्हणाले, तेव्हाच मॅडमची बाजू अर्धी जिंकली होती.

काय केलं, आणि कुठे अडलं

चार तारखांचा पर्याय घेतला. शीर्षकाला प्रश्नचिन्ह जोडलं : ‘चित्रकाराला आधी कळतं?’ सरांनी हट्टाने एक पाचवी ओळही घ्यायला लावली : ‘चित्रकाराच्या डोळ्यांसमोर तेव्हा काय होतं’. माझ्या मते प्रदर्शन तरलं ते या पाचव्या ओळीमुळे. नुसत्या तारखांनी चित्र कोरडं पडलं असतं.

मजकूर भरायला बसल्यावर प्रत्येक चित्राने वेगळाच पेच टाकला.

मालेविचच्या काळ्या चौकोनापाशी मुलं भलतीच रंगली. डिसेंबर १९१५ मध्ये पेत्रोग्राडच्या प्रदर्शनात त्याने तो भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला, रशियन घरात जिथे देवाची तसबीर असते तिथे. १९१७ मध्ये झार गेला, मग बोल्शेविक आले. जुनं सगळं पुसून टाकणारा चौकोन क्रांतीच्या दोन वर्षं आधी! पण चित्राच्या पाठीवर मालेविचनेच १९१३ हे साल घातलेलं आहे. त्या साली एका ऑपेराच्या नेपथ्यात ही कल्पना त्याला पहिल्यांदा सुचली, म्हणून. त्यामुळे फलकावर दोन सालं एकाखाली एक छापली : रंगवलं १९१५, चित्रकाराने लिहिलेलं १९१३. पहिला असण्याची ओढ खुद्द चित्रकारालाच किती असते, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मुंबईच्या भिंतीपाशी उलटा पेच आला. प्रोग्रेसिव्ह ग्रुप १९४७ चा, देश स्वतंत्र १९४७ मध्ये. जोडणी इतकी सोपी की कुणी प्रश्नच विचारत नाही. पण पाचवी ओळ लिहायला घेतल्यावर सालं मागे मागे सरकायला लागली. आरा मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. सूझा मूळचे गोव्यातल्या साळगावचे; राजकीय चळवळीतल्या सहभागावरून १९४५ मध्ये जे. जे. स्कूलमधून त्यांना काढलं गेलं होतं. आणि या मुलांना पाठबळ देणाऱ्यांत होते कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि चित्रं विकत घेणारे एमॅन्युएल श्लेसिंगर. तिघेही हिटलरच्या धाकामुळे मुंबईत येऊन राहिलेले. मार्कची चित्रं जर्मनीतल्या संग्रहालयांतून ज्या राजवटीने उचलली, त्याच राजवटीने ही माणसं मुंबईला पोहोचवली. ‘प्राण्यांचं प्राक्तन’ १९३७ मध्ये जप्त झालं आणि १९३९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संग्रहालयाने विकत घेतलं. आजही ते तिथेच आहे. हा धागा सापडल्यावर दोन भिंतींमध्ये सुतळी बांधायची कल्पना मुलांनी काढली. कार्यवाहांनी खर्च विचारला. सुतळी वाचनालयाच्या रद्दीच्या खोलीतली होती, त्यामुळे मंजूर झाली.

तय्यब मेहतांच्या फलकाने सगळ्यात जास्त वेळ घेतला. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी खाली जमावाने एका तरुणाला ठार मारलेलं पाहिलं. वय जेमतेम बाविशीचं. त्यांची कोसळणारी माणसाकृती कॅनव्हासवर उतरली ती १९६० च्या दशकात. १९६८ मध्ये दिल्लीच्या पहिल्या त्रैवार्षिक प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं. मध्ये जवळपास दोन दशकं. आधी नाही, लगेच नाही, इतक्या उशिरा. ‘भविष्यवेधी’ आणि ‘प्रतिसाद’ यातल्या कुठल्याच रकान्यात हे बसत नव्हतं. सर म्हणाले, काही गोष्टी हातापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो. मॅडम म्हणाल्या, मग ‘आधी कळतं’ हे वाक्य गेलंच की. दोघांचंही बरोबर होतं.

गावातल्या चित्रकाराची खुर्ची

या टप्प्यावर विश्वस्तांपैकी एकांनी सूचना केली की स्थानिक कलावंतही असावा. गावातल्या एका चित्रकाराचं उलट्या खुर्चीचं एक मोठं चित्र आहे. जून २०२२ मध्ये राज्यातलं सरकार कोसळलं तेव्हा ते चित्र गावात व्हॉट्सॲपवर भरपूर फिरलं होतं : ‘बघा, आपल्या अमक्यांनी आधीच रंगवलं होतं!’ चित्र त्याआधीचं होतं यात शंका नाही.

हा निर्णय अवघड होता. चित्र लावलं तर एका पक्षाचे लोक खूश, दुसऱ्याचे नाराज, आणि वाचनालयाच्या अनुदानाची फाइल कुणाच्या टेबलावर आहे याची चिंता कार्यवाहांना. नाही लावलं तर चित्रकार दुखावणार. मॅडम आणि सर दोघंही त्यांच्या घरी गेले आणि सरळ विचारलं. चित्रकार चहा ओतता ओतता म्हणाले, “अहो सर, मी दहा वर्षं खुर्च्याच रंगवतोय. उलट्या, तुटलेल्या, पाण्यात पडलेल्या. कुठलं ना कुठलं सरकार कधीतरी पडणारच होतं.” माळ्यावर खरंच डझनावारी खुर्च्या होत्या.

मला विचाराल तर या विषयावरचे मोठे मोठे निबंध जिथे पोहोचत नाहीत तिथे हे गृहस्थ एका वाक्यात पोहोचले. १९१२-१३ मध्ये बर्लिनमध्ये लुडविग माइडनर जळती शहरं रंगवत होता, म्हणून तो आज द्रष्टा. पण जगबुडी रंगवणारे चित्रकार दर पिढीत असतात, आणि ज्यांच्यानंतर काहीच बुडालं नाही त्यांची चित्रं माळ्यावर जातात. द्रष्टा कोण हे घटना मागाहून ठरवते.

शेवटी एक खुर्ची न लावता सहा खुर्च्या लावल्या, रंगवलेल्या तारखांसह. पक्षाचा प्रश्न आपोआप मिटला, कारण सहा खुर्च्यांना एकच सरकार पुरेना.

छापखान्यातला प्रकार

मार्कच्या मृत्यूनंतर ‘प्राण्यांचं प्राक्तन’ एका आगीत सापडलं. उजवीकडचा जवळपास एक तृतीयांश भाग जळाला. पुढे पाउल क्ले या मार्कच्या चित्रकार मित्राने तो भाग पुन्हा रंगवला, पण मूळ रंगांची नक्कल केली नाही. मंद तपकिरी छटा ठेवली. डावीकडे धगधगणारे लाल, निळे, हिरवे आणि उजवीकडे एकदम धूर ओसरल्यासारखा भाग. कुठे मार्क संपतो ते डोळ्यांना दिसतं.

प्रिंट आली तेव्हा उजवी बाजू लालभडक होती. डिझायनर मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “साइडला डल मारत होतं, म्हणून थोडं उठवलं.” फाइल परत पाठवून दुसरी प्रिंट काढली. कार्यवाहांच्या कपाळावर आठी, पण सरांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले. पहिली प्रिंट टाकून द्यायची की काय, यावर मॅडमनी सुचवलं की दोन्ही शेजारी लावू. सनबोर्डच्या दोन पट्ट्यांवर फक्त ‘१९१३ + क्ले’ आणि ‘आपला छापखाना’ एवढंच लिहिलं.

परिणाम

लोक सगळ्यात जास्त थांबले ते त्या दोन प्रिंटपाशी. कार्यवाहांना हे अपेक्षित नव्हतं.

चार तारखांबद्दल मतं फाटली. एक निवृत्त बँक अधिकारी अभिप्राय वहीत लिहून गेले की मंडळाने स्वतःचं मत द्यायला घाबरू नये. एका तरुण वकिलाने नेमकं उलटं लिहिलं. शाळेच्या मुलांनी चौथ्या ओळीचा खेळ केला : ‘हे कुणी जोडलं?’ असं ओरडत एकमेकांना विचारत फिरायचं. पिकासोपाशी त्यांना सोपं गेलं, मार्कपाशी उत्तर ‘मार्कनेच, पण दोन वर्षांनी’ असं मिळाल्यावर ती चक्रावली, आणि एका मुलीने विचारलं की स्वतःच्याच चित्राचा अर्थ मागून लावायला परवानगी असते का. सरांनी तिला उत्तर दिलं नाही, क्लेच्या तपकिरी भागापाशी घेऊन गेले.

सरांचं मत बदललं का? थोडं. समारोपाच्या दिवशी ते बोलले ते असं : चित्रकाराला घटना आधी कळत नाही, घटनेची कारणं मात्र इतरांच्याच वेळी त्याच्याही समोर असतात आणि कधी कधी ती हातातून लवकर उतरतात. मॅडमनी याला हरकत घेतली नाही, फक्त ‘कधी कधी’ दोनदा म्हणा असं सांगितलं. माझंही मत साधारण इथेच येतं. ‘आधी की नंतर’ हा प्रश्न कॅलेंडरवर सोडवायला गेलं की फसतो, कारण राजकीय बदल एका तारखेला होत नाही. १५ ऑगस्ट ही तारीख आहे. तुरुंगात गेलेले आरा ही त्याआधीची सतरा वर्षं आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

पाच ओळींत एक मोठी फट राहिली. चित्राने राजकारणाला प्रतिसाद दिला की नाही हे विचारलं, पण राजकारणाने चित्राचं काय केलं याला रकानाच नव्हता. १९३७ मध्ये म्युनिकमध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ म्हणून प्रदर्शन भरवलं, त्यात मार्कचे निळे घोडेही होते. व्हर्दंला धारातीर्थी पडलेल्या सैनिकाची ही बेअदबी आहे, अशी तक्रार माजी अधिकाऱ्यांच्या संघटनेने केली म्हणून ते चित्र काढून घेतलं गेलं, आणि पुढे ते गायबच झालं. एका चित्राला एकाच राजवटीने आधी कलंक ठरवलं आणि मग शहिदाची वस्तू मानलं, ही गोष्ट भिंतीवर यायला हवी होती.

दुसरं, १९४३ चा बंगालचा दुष्काळ पूर्ण निसटला. चित्रकार चित्तप्रसादांच्या दुष्काळावरच्या पुस्तकाच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या, आणि ते पुढे मुंबईतच, अंधेरीला राहिले. ‘प्रतिसाद’ या शब्दाआधी ‘नुसता’ लावायची सवय त्या एका फलकाने मोडली असती. चित्र उशिरा येऊनही सरकारला झोंबू शकतं.

तिसरं व्यवहाराचं. छापखान्यात फाइल देताना ‘रंगात काहीही बदल करू नये’ हे लेखी द्यायला हवं, आणि एक छोटी चाचणी प्रिंट आधी मागवायला हवी.

हे फलक आता तालुक्याच्या दोन शाळांत जाणार आहेत. सहावी ओळ वाढवायचं ठरलं आहे : ‘पुढे या चित्राचं काय झालं’. ती मॅडम लिहिताहेत. सरांनी त्यांना प्रत्येकी वीस शब्दांची मर्यादा घातली आहे, आणि मार्कच्या फलकावरून दोघांचं पुन्हा वाजलं आहे.